जहाजावर चढण्यापूर्वीचे चौदा दिवस

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, इंदिरानगरातच राहणाऱ्या एक काकू सून आणि नातवासह दवाखान्यात आल्या. तपासायचे काही नव्हते. त्यांनी पिशवीतून लॅमिनेशन केलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "डॉक्टर, हे अजून दाखवावे लागते का?" तो त्यांच्या कोविड लसीकरणाचा दाखला होता. दुसऱ्या मात्रेची तारीख होती ६ जानेवारी २०२२.

त्या तारखेमागे एका घरातले मोठे भांडण आहे आणि त्यात माझीही एक चूक आहे. काकूंची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ती हकिकत आज सांगतो. सुट्ट्यांच्या दिवसांत जहाजाच्या सहलीविषयी विचारायला येणारी कुटुंबे आता दर महिन्याला एक-दोन तरी असतात. त्यांना ती उपयोगी पडेल.

डिसेंबर २०२१ मध्ये या घरात लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा बेत शिजत होता. लेक दुबईला असते. तिने संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आखातातून फिरवून आणणाऱ्या जहाजाची चार रात्रींची सहल ठरवली होती. नाशिकहून सहा जण जायचे होते: काका, काकू, मुलगा, सून, सोळा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू. काकांचे बालपण रत्नागिरीकडचे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जाताना खालच्या डेकवर कांबळे अंथरून, मळमळ दाबत रात्र काढण्याच्या त्यांच्या आठवणी मी अनेकदा ऐकल्या होत्या. "या खेपेस बोटीत स्वतःची खोली असेल आणि उलटी आली तर पांढरी बेसिन असेल," असे ते हसून म्हणत. बोट या शब्दात त्यांचे अख्खे लहानपण होते.

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देताना मी त्यांना विचारले, "दोन्ही डोस झाले आहेत ना सगळ्यांचे?" काकांनी मान हलवली. काकू काही बोलल्या नाहीत. मी त्या गप्प राहण्याला होकार समजलो आणि "मग खुशाल जाऊन या" असे सांगून मोकळा झालो. प्रत्येकाचा दाखला पाहायला मला तीन मिनिटे लागली असती. त्या दिवशी बाहेर गर्दी होती, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही.

३ जानेवारी २०२२ च्या सोमवारी बातमी आली. मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया या पर्यटन जहाजावर एक कर्मचारी बाधित आढळला आणि जहाज मुरगाव बंदराशी थांबवून सगळ्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या. सुमारे दोन हजार माणसांपैकी ६६ जण बाधित निघाले. जहाज मुंबईला परत पाठवले गेले. तिथे उरलेल्या १,८२७ जणांची तपासणी झाली, तेव्हा आणखी १३९ सापडले. म्हणजे साधारण दहांतला एक. नववर्ष साजरे करायला निघालेली कुटुंबे गोव्याचा किनारा कठड्यावरून पाहून परतली. प्रवाशांकडे लशीचे दाखले होते, चाचणीचे अहवालही होते.

बुधवारी रात्री काकूंचा मुलगा एकटाच आला. त्याच्या हातात जहाज कंपनीचे चार पानी पत्रक होते आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ होती. अठरा वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाच्या लशीच्या दोन्ही मात्रा पूर्ण हव्यात आणि दुसरी मात्रा घेऊन किमान चौदा दिवस झालेले हवेत. सहल १६ तारखेला सुरू होणार होती. काकूंनी मार्च २०२१ मध्ये कोविशील्डची पहिली मात्रा घेतली होती. दुसरी घेतलीच नव्हती. ही गोष्ट मुलालाही दोन दिवसांपूर्वी, कागद जुळवताना, कळली होती.

"पहिल्या डोसनंतर आईला खूप ताप आला होता," तो म्हणाला. "तिला लस चालत नाही, असे एक सर्टिफिकेट तुम्ही द्या. पत्रकात लिहिले आहे, वैद्यकीय कारण असेल तर विचार करू."

दोन दिवसांचा ताप हे लस न देण्याचे कारण होत नाही. पहिल्या मात्रेनंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, रक्तदाब कोसळणे अशी तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा रक्तात गुठळ्या होऊन त्याच वेळी प्लेटलेट घटण्याचा तो दुर्मिळ विकार झाला असेल, तर दुसरी मात्रा त्या लशीची देऊ नये. ताप, अंगदुखी, दंड दुखणे ही शरीराने लशीची दखल घेतल्याची चिन्हे असतात. हे मी त्याला समजावले. मग तो आवाज खाली आणून म्हणाला की सुई न टोचताच नोंद करून देणारे लोक आहेत म्हणे, ओळखीच्या एकाने तसे केले आहे. मी नकार दिला. तो चिडला. पंधरा वर्षांचा घरोबा, आई-वडिलांच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, भरलेले पैसे, हे सगळे त्याने काढले, आणि शेवटी म्हणाला, "डिसेंबरात तुम्हीच म्हणालात ना, खुशाल जा?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरची नोंदणी जाऊ शकते, हे खरे. पण त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र होते. काकूंना बावीस वर्षांचा मधुमेह, मूत्रपिंडे जेमतेम अर्ध्या ताकदीवर चालणारी. समुद्रात तिसऱ्या रात्री त्यांना धाप लागली असती, तर जहाजावरच्या डॉक्टरने हातातल्या कागदावर विसंबून निर्णय घेतला असता. दोन मात्रा झालेल्या बाईला लागलेली धाप आणि एकच मात्रा, तीही दहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या बाईला लागलेली धाप, या दोहोंकडे तो सारख्याच काळजीने पाहीलच असे नाही. जहाजावर दवाखाना असतो, प्राणवायू असतो, एखाद-दुसऱ्या रुग्णाला सांभाळण्याची सोयही असते. अतिदक्षता विभागाची रांग नसते. किनारा गाठेपर्यंत जे आहे त्यावरच निभवावे लागते.

मी मुलाला म्हटले, "उद्या सकाळी काकूंना घेऊन ये. सर्टिफिकेटसाठी नव्हे, बोलण्यासाठी."

काकू आल्या. मुलाला बाहेर बसवले. ताप हे खरे कारण नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाने एप्रिल २०२१ मध्ये लस घेतली, आठव्या दिवशी ताप चढला आणि अठराव्या दिवशी तो गेला. एप्रिल २०२१ मधले नाशिक ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. खाटांसाठी फिरणारी माणसे, रात्रभर येणारे फोन, आणि २१ तारखेला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीची गळती होऊन तासाभरात गेलेले बावीस जीव. त्या महिन्यात ज्यांच्या घरी मृत्यू झाला, त्यांनी कशाचा संबंध कशाशी जोडला याचा हिशेब तर्काने मांडता येत नाही. काकूंच्या मनात लस आणि भाऊ एकत्र बसले होते. त्यांनी हे घरात कोणालाच सांगितले नव्हते. सांगितले असते तर "अडाणी आहेस" असे ऐकावे लागले असते, असे त्या म्हणाल्या.

पहिल्या मात्रेनंतर शरीराची तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि एकाच मात्रेची तयारी अपुरी असते. भावाला आठव्या दिवशी लक्षणे दिसली, म्हणजे विषाणू त्याच्या अंगात लस घेण्याच्या आगेमागेच शिरला असणार. कदाचित त्या केंद्रावरच्या रांगेतही. लस त्याला वाचवायला उशिरा पोहोचली. हे मी त्यांना कागदावर दिवसांच्या चौकटी काढून दाखवले. त्या बराच वेळ त्या चौकटींकडे पाहत राहिल्या. "म्हणजे त्याने फेब्रुवारीत घेतली असती तर?" त्यांनी विचारले. फेब्रुवारीत ती त्याला मिळालीच नसती, हे मी सांगितले. साठ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मार्चला खुले झाले होते आणि त्याच्या वयोगटासाठी १ एप्रिलला. त्या दुपारी काकू आपणहून महापालिकेच्या केंद्रावर गेल्या आणि दुसरी मात्रा घेऊन आल्या. सहलीसाठी तिचा उपयोग नव्हता. चौदा दिवस २० तारखेला पूर्ण होणार होते.

मुलाचा प्रश्न तरीही उरतो आणि तो रास्त होता. लस घेतलेल्यांनाच कॉर्डेलियावर लागण झाली, मग जहाजाने लशीचा दाखला मागायचाच कशाला?

जहाजाच्या दारात तेव्हा दोन चाळण्या लावलेल्या होत्या आणि त्यांची कामे वेगळी होती. चाचणीची चाळणी संसर्ग घेऊन येणाऱ्याला अडवण्यासाठी. ती चाळणी जाळीदार होती, कारण नमुना दिल्यापासून जहाजावर चढेपर्यंत दोन-तीन दिवस जात आणि ओमायक्रॉनची लक्षणे दिसायलाही साधारण तेवढेच दिवस लागत. नमुना दिला त्या संध्याकाळी लग्नाला गेलेला माणूस निर्दोष अहवाल खिशात घेऊन विषाणूसह आत येऊ शकत असे. लशीची चाळणी दुसऱ्या कारणासाठी होती: आत आलेल्या संसर्गाने माणसे गंभीर आजारी पडून जहाजावरचा इवलासा दवाखाना कोलमडू नये म्हणून. ओमायक्रॉनपुढे लस संसर्ग रोखण्यात बरीच उणी पडली; गंभीर आजारापासून वाचवण्यात ती टिकून राहिली. कॉर्डेलियावरची दोनशेहून अधिक माणसे बाधित निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकांना एक तर लक्षणे नव्हती, किंवा होती ती सौम्य.

लस नव्हती तेव्हा जहाजात काय होते, हे जगाने फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात पाहिले होते. डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसे होती. २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी बाधित असल्याचे १ फेब्रुवारीला कळले. ५ तारखेपासून सर्वांना खोल्यांत बंद केले गेले. अखेर ७१२ जण बाधित झाले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना चाचणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. हा त्या आजाराविषयीचा पहिला मोठा धडा होता आणि तो एका जहाजाने दिला. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. पैकी केवळ सहा प्रवासी, बाकीचे १३२ कर्मचारी. पर्यटन जहाजांवर आपल्याकडची, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्याकडची पुष्कळ मुले नोकरीला असतात. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना हे कर्मचारी मात्र एकत्र राहत, एकत्र जेवत आणि दारोदार ताटे पोहोचवत होते. २७ फेब्रुवारीला विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आणले गेले. जहाज म्हटले की आपल्याला कठड्यावरचे फोटो आठवतात, पण साथीत त्या जहाजाचा खरा भार खालच्या मजल्यांवरच्या मुलांनी उचलला.

त्याच जहाजावरची एक बाब मी माझ्या वयस्क रुग्णांना आजही सांगतो. अडकून पडलेल्या एका प्रवाशाने कापडावर "औषधे कमी पडली आहेत" असे लिहून ते किनाऱ्याच्या दिशेने फडकवले होते. चौदा दिवसांच्या सहलीला माणूस चौदा दिवसांच्या गोळ्या नेतो. त्यापुढे दोन आठवडे बंदिवास आला की रक्तदाबाची गोळी आणि इन्शुलिन संपते.

जहाज अडवून ठेवण्याची पद्धत मात्र फार जुनी. क्वारंटाइन हा शब्दच व्हेनिसकडच्या 'चाळीस' या शब्दातून आला. बंदराबाहेर जहाजाने चाळीस दिवस थांबायचे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, ज्याचा आधार घेऊन मार्च २०२० मध्येही निर्बंध लागले. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि त्याच प्लेगात, १० जानेवारी १८९७ रोजी, हाफकिन यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. जहाज अडवणारा कायदा आणि लस या दोन्ही गोष्टी त्याच प्लेगापायी महिन्याभराच्या अंतराने जन्मल्या, याची मला नेहमी गंमत वाटते.

लशीचा दाखला मागण्याच्या नियमाविषयी माझे मत सरसकट नाही. मौजेसाठी, स्वेच्छेने, मर्यादित वैद्यकीय सोय असलेल्या बंद जागेत चार दिवस राहायला जाणाऱ्याकडून तो मागणे मला योग्य वाटले आणि आजही वाटते. पोट भरण्यासाठी मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या माणसाला १५ ऑगस्ट २०२१ पासून हाच दोन मात्रा आणि चौदा दिवसांचा नियम लावला गेला, तेव्हा तरुणांना दुसरी मात्रा मिळणेच दुरापास्त होते. कोविशील्डच्या दोन मात्रांतले अंतर तेव्हा किमान ८४ दिवसांचे होते. तिथे त्या नियमाने अनेकांची मजुरी बुडवली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील, आणि त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणशीर नाहीत, असे सांगितले. मला तो निकाल समंजस वाटला.

आता त्या घराकडे परत येतो, कारण त्या पत्रकाने आणखी गुंते घातले होते. काकांनी जी लस मिळाली ती घेतली होती, ती निघाली कोव्हॅक्सिन. जागतिक आरोग्य संघटनेने तिला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मान्यता दिली. त्याआधी ही सहल ठरली असती तर काकांचे दोन्ही दाखले असून नसल्यासारखे झाले असते. सोळा वर्षांच्या नातीच्या वयोगटाचे लसीकरण देशात ३ जानेवारीला सुरू झाले. बरोबर त्याच दिवशी, ज्या दिवशी मुरगावची बातमी आली. नऊ वर्षांच्या नातवासाठी लसच नव्हती. या जहाजाला मुलांचा चाचणी अहवाल चालत होता म्हणून बरे. अमेरिकेतल्या डिस्नेच्या जहाजांनी तर १३ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांवरील प्रत्येकाला लस आवश्यक केली होती. भारतातून येणाऱ्या नातवंडांना घेऊन अशा जहाजावर जाणे त्या काळात अशक्यच होते. फ्लोरिडातल्या ज्या मराठी घरांनी आजी-आजोबांसह सगळ्यांसाठी असे बेत आखले असतील, त्यांना हे फार उशिरा कळले असेल.

नावांचा घोळ वेगळाच. काकूंच्या आधारकार्डावर नाव आधी आणि आडनाव शेवटी. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि पतीचे नाव गाळलेले. लसीकरणाच्या दाखल्यावर केंद्रावरच्या मुलीने घाईत टंकलेले तिसरेच काही. दाखल्यावर पूर्वी नुसते जन्मवर्ष असे. ब्रिटनशी वाद झाला तेव्हा २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख देण्याची सोय झाली. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा दुप्पट होतो. तो आजही संपलेला नाही. लसीचा कोणताही दाखला काढताना पारपत्र समोर ठेवूनच नाव घालून घ्यावे, हे मी त्या वर्षापासून सांगत आलो आहे.

७ तारखेला केंद्र सरकारचा नवा आदेश आला: ११ जानेवारीपासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी चाचणी. मुलाची रजा त्यात बसणारी नव्हती. काकांनीच निर्णय घेतला. "राहू दे. पुढच्या वर्षी जाऊ," असे त्यांनी फोनवर सांगितले, आणि आवाज अगदी सहज ठेवला. पैशांपैकी काही परत मिळाले, काही बुडाले.

त्यानंतर दहा दिवसांत ओमायक्रॉन त्यांच्या घरी आलाच. आधी सून, मग मुले, मग सगळे. काकूंना चार दिवस ताप होता, साखर वाढली, प्राणवायूची पातळी मात्र खाली गेली नाही. त्यांनी ६ तारखेला घेतलेल्या मात्रेने त्यांना वाचवले, असे मुलगा नंतर सगळ्यांना सांगत असे आणि मला पेढेही देऊन गेला. पेढे घेतले, श्रेय घेता येत नाही. ती मात्रा घेऊन तेव्हा दोन आठवडेही पुरते झाले नव्हते, आणि तो विषाणू आधीच्या डेल्टाइतका फुप्फुसांवर उतरत नव्हता. एका रुग्णावरून यांतले काय कामी आले ते सांगता येत नाही.

"पुढच्या वर्षी" काही जमले नाही. नात बारावीला होती. ऑगस्ट २०२३ मध्ये काका हृदयविकाराच्या झटक्याने गेले. जहाज राहिले ते राहिलेच. त्या रात्री मुलाने मागितलेला खोटा दाखला मी आजही देणार नाही. पण डिसेंबरात तीन मिनिटे काढून काकूंचा कागद मागितला असता, तर त्यांचा भाऊ तेव्हाच बोलण्यात आला असता, दुसरी मात्रा डिसेंबरातच झाली असती आणि चौदा दिवस वेळेत भरले असते. मग मुरगावची बातमी वाचूनही ते कुटुंब गेले असते की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवले असते. तो निर्णय त्यांच्या हातून काढून घेतला गेला, त्यात माझा वाटा आहे. तेव्हापासून प्रवासाला निघालेल्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला मी वेगळे विचारतो, आणि जमल्यास एकदा एकट्याने.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. यंदा लेकीने पुन्हा बेत केला आहे; तेच आखात, जहाज दुसरे. कोविड लसीचा दाखला आता बहुतेक जहाजांवर कोणी मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि भारतात परतणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन फॉर्म त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बंद झाला. तरी तिकिटासोबतचे पत्रक वाचावे, कारण नियम कंपनीचा असतो, विमान जिथे उतरते त्या देशाचा असतो आणि परतताना आपला असतो. तिन्ही वेगवेगळे बदलतात.

सक्ती गेली म्हणून गरज गेली असे नाही. काकूंना मी इन्फ्लुएंझाची लस दिली, निघण्याच्या तीन आठवडे आधी. न्यूमोकोकलची त्यांना पूर्वी दिलेलीच आहे. जहाजावर फ्लू आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस हे दोघे आजही नेमाने प्रवास करतात. नोरोव्हायरसवर लस नाही आणि हाताला चोळायचे सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. भोजनगृहाच्या दारात बाटली दाबून आत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मूत्रपिंडे अशक्त असलेल्या माणसाला दोन दिवसांच्या उलट्याही महागात पडतात. अशा वेळी मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते प्रत्येकाने निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडून लिहून घ्यावे. काकूंच्या पिशवीत तो कागद दिला आहे. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. सत्तरीपुढच्यांनी त्या औषधविक्रेत्याकडून परस्पर घेऊ नयेत.

एक दाखला मात्र आजही सक्तीचा आहे आणि त्यावर नाशिकची कुटुंबे हमखास अडकतात, तो पीतज्वराचा. केनियाची सफारी, किंवा ब्राझीलच्या बंदरांना लागणारे जहाज. ही लस अधिकृत केंद्रावरच मिळते, आणि दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. दाखल्याविना अशा देशातून परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि त्यात सवलत नसते. साठीपुढच्यांना, गर्भवतींना, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना ही लस द्यावी की नाही याचा विचार नीट करावा लागतो. म्हणून अशा देशाचे तिकीट काढण्याआधी आजी-आजोबांना डॉक्टरकडे न्यावे, काढल्यानंतर नव्हे. इथे वैद्यकीय कारणाचा दाखला खरोखर द्यावा लागतो, आणि तो मी देतोही. पण तो समोरच्या देशाने मानलाच पाहिजे असे नाही.

निघताना काकूंनी तो लॅमिनेशन केलेला कागद परत पिशवीत ठेवला. सून म्हणाली, "आई, आता लागत नाही म्हणाले ना डॉक्टर." काकू म्हणाल्या, "असू दे. त्याच्यामागे यांचा पण आहे, दोन्ही एकत्रच केले होते." मी कागद पुन्हा मागून उलटा केला. मागच्या बाजूला काकांचा दाखला होता, कोव्हॅक्सिनचा. नावाची जुळणी अगदी पारपत्राबरहुकूम. नातू आता तेरा वर्षांचा झाला आहे. त्याने विचारले की जहाजात फोनला रेंज असते का. ते मला ठाऊक नव्हते. त्याच्या धनुर्वाताच्या लसीची पुढची मात्रा राहिलेली होती, ती देऊन टाकली.